नजमाआपांची गिलाडी

उगवून वर आलेली कुठलीही गोष्ट दिसली, की तिची मान कधी मोडायची, हाच विचार नजमाआपांच्या मनात पहिल्यांदा यायचा. बदली होऊन मी तुळजापूरकडच्या वाशीला आले आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली, त्या दिवशी टेम्पोतून माझं सामान उतरत होतं. पलंग, पुस्तकं, शेगडी याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या हातातली लिलीची कुंडी मात्र त्यांनी काढून घेतली, एक पान चिमटीत धरलं आणि विचारलं, “हिची मान अजून मोडली न्हाय व्हय?”

“आपा, हे शोभेचं झाड आहे,” मी म्हटलं.

“शोभा वरची झाली. खाली काय हाय?”

“कंद आहे.”

“मग कांदाच की.” एवढं बोलून त्यांनी कुंडी अंगणात उन्हाला नेऊन ठेवली. मी ती सावलीत आणली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उन्हात होती. आमच्या ओळखीची सुरुवात ही अशी झाली.

आपा गेल्या पावसाळ्यात गेल्या. गल्लीतले लोक त्यांच्याविषयी आता चांगलंच बोलतात, गेलेल्या माणसाविषयी बोलतात तसं. मला मात्र त्यांच्याशी भांडायचं अजून बाकी आहे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

त्यांचा उभा जन्म कांद्यात गेला होता. गावाबाहेर त्यांची थोडी जमीन होती आणि तिथला कांदा तालुक्यात नावाजलेला होता. कांदा काढणीला आला की आमच्याकडे पाणी तोडतात आणि पात आडवी पाडतात. कुणी पायानं तुडवतं, कुणी रिकामा ड्रम फिरवतं. त्याला माना मोडणं म्हणतात. पातीतला जोर खाली उतरतो आणि कांदा चांगला पोसतो, असं सगळे मानतात. आपा ड्रम वगैरे वापरत नसत. ओढणी कमरेला खोचून, वाकून, एकेक मान हातानं मोडत वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या. त्या कामाचा त्यांना अभिमान होता. “माझ्या हाताखालून गेल्याबिगर कांदा गोल व्हत न्हाय,” असं त्या म्हणायच्या. अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की माडीवर वह्या तपासताना मला त्यांचं खालचं सगळं बोलणं ऐकू यायचं. त्या मला ‘बाई’ म्हणत, कारण मी शाळेत होते. पण मी शाळेत विज्ञान शिकवते या गोष्टीचा त्यांच्यावर कधी काडीचाही परिणाम झाला नाही.

मी राहायला गेले तेव्हा त्यांचे यजमान जाऊन थोडेच महिने झाले होते. मौलासाब त्यांचं नाव. एका सरकारी विश्रामगृहावर ते माळी होते. जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत आढ्याला एक जाळीची पिशवी टांगलेली होती. एके दिवशी आपांनी ती काढून माझ्यापुढे ठेवली. आत चपटे, तपकिरी सालीचे, लिंबाएवढे कंद होते. “वळखा बघू,” त्या म्हणाल्या. मी ओळखले. ग्लॅडिओलसचे होते.

“त्येच. आमच्यात गिलाडी म्हणायचा त्यो.” मग त्या बोलत सुटल्या. विश्रामगृहाच्या कोठीत उंदीर होते, म्हणून मौलासाब दर उन्हाळ्यात कंद काढून, वाळवून घरी आणायचे आणि जिन्याखाली टांगायचे. पावसाळा सरला की परत घेऊन जायचे. थंडीत तिकडे फुलं यायची. लांब दांडा, त्यावर खालून वर फुलत जाणारी फिकट गुलाबी फुलं. ती साहेबांच्या टेबलावर जायची. “कांदं माझ्या घरात, अन् फुलं सायबाच्या. भनीच्या पोरीचं लगीन व्हतं, तवा एक काडी मागितली. एक. तर म्हणतो, उद्या सायेब उतरणार हाईत.”

“मग तुम्ही घरीच का नाही लावलेत चार?”

“लावते म्हणलं तर हसला. म्हणला, तुजा हात कांद्याचा हाय, तुज्यानं फूल व्हायचं न्हाय.” हे सांगताना त्यांनी पिशवीचं तोंड इतकं करकचून बांधलं की ती गाठ नंतर मला कात्रीनं कापावी लागली. “तर आता म्या करणार. माझ्या हातची काडी शबे-बरातीला त्येच्या कबरीवर गेली पायजे. तेवढं दाखवायचंय त्येला.”

शबे-बरातीला आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहतात. तिथल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. आपांची फुलं त्यांचा पुतण्या इर्शाद घेऊन जायचा. तो शेजारच्याच घरात राहायचा, लग्न झालेला, शांत माणूस. म्हणजे आपांना फक्त एक दांडा पिकवून इर्शादच्या हातात द्यायचा होता. मला वाटलं, यात अवघड ते काय. ग्लॅडिओलस हे काही रुसणारं झाड नाही. लिंबाएवढा कंद हाताशी असला की ऐन थंडीत तो फुलतोच.

आणि तो फुललाही. मागच्या अंगणात आपांनी कांद्याच्या वाफ्यासारखाच वाफा केला, कंद लावले, आणि पौषात असे सुरेख दांडे निघाले की रस्त्यावरचे लोक कुंपणापाशी थांबायला लागले. मी म्हटलं, “आपा, झालं की. शबे-बरात अजून लांब आहे, पण निदान घरात तरी ठेवा दोन दांडे.” त्या जागच्या हलल्या नाहीत. “ह्यी त्येचीच फुलं. कांदा त्येनं पोसलेला हाय. माझं काय त्यात? म्या पोसलेल्या कांद्याला येऊ द्या, मग तोडीन.” या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. कंदात मागच्या हंगामाचं साठवलेलं असतं, त्यावर पुढचं फूल येतं, हे तर मीच त्यांना आदल्या दिवशी हौसेनं समजावलं होतं. फुलं जागच्या जागी वाळली. एक दांडा तोडला नाही, मलाही तोडू दिला नाही.

मग त्यांनी आपला कांदा पोसायला घेतला, म्हणजे काय केलं ते मी शाळेतून आले तेव्हा पाहिलं. सगळा वाफा आडवा होता. हिरव्यागार, तलवारीसारख्या पानांच्या माना मुळापाशी मोडून एका दिशेला नीट झोपवलेल्या होत्या. आपा बाजेवर बसून विड्याचं पान लावत होत्या, चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान.

“आपा, हे काय केलंत? ही पानं महिना-दीड महिना उभी राहायला हवी होती. त्यांच्यावरच खालचा कंद वाढतो.”

“वरचा जोर खाली उतरवलाय. आता बघा कसा फुगतोय.”

“हा कांदा नाहीये.”

“जमिनीत गोल व्हतं ते समदं कांदंच.”

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायचं. कंद काढले तेव्हा लिंबाची सुपारी झाली होती. “वाळल्यावर असंच दिसतं,” आपा म्हणाल्या आणि पिशवी टांगली.

दुसऱ्या हंगामात नुसती पानं आली. मी सांगितलं होतं की सुपारीएवढ्या कंदाला फूल येत नाही, आणि तसंच झालं. पण आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद मला आपांनी कधी मिळू दिला नाही. आधी त्यांनी लेंडीखत कमी पडलं म्हणून सांगितलं. मग बोअरचं पाणी खारं झालं. मग कुणाची तरी नजर लागली, आणि ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जेवायचं ताट तसंच ठेवून माडीवर निघून गेले. संध्याकाळी त्या वाफ्यापाशी बसून पानांना शिव्या द्यायच्या. “कमबख्त, सायबासाठी बरं फुलत व्हता.” शबे-बरात आली, बाजारातून गुलाबाच्या पाकळ्या आणि मोगऱ्याचा हार आला, इर्शाद ते घेऊन गेला.

त्या वर्षी मी त्यांच्याकडून वचन घेतलं की पानांना हात लावायचा नाही. “न्हाय लावत,” त्या म्हणाल्या, अगदी गरीब चेहऱ्यानं. पुढच्याच आठवड्यात माझं तुळजापूरला प्रशिक्षण होतं. परत आले तर वाफा आडवा. मी विचारलं तर म्हणाल्या, “वारा सुटला व्हता.” वारा सुटला होता आणि त्यानं एकेक मान त्याच ठिकाणी मोडून सगळी पानं पूर्वेकडे झोपवली होती. मी त्या रात्री ठरवलं, खोली बदलायची. सकाळी त्यांनी ज्वारीची गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वर आणून दिलं. खोली बदलायचं राहून गेलं.

तिसऱ्या हंगामापर्यंत वाफा उरलाच नव्हता. निम्मे कंद हरभऱ्याएवढे होऊन मातीत कुठं गेले ते कळलंही नाही. बोटांवर मोजता येतील एवढी रोपं उभी होती, त्यांनाही नुसती पानं. एका दुपारी शाळेतून आले तर आपा वाफ्यात वाकलेल्या, एक मान मुठीत धरलेली. मी पिशवी खाली ठेवली नाही, चप्पल काढली नाही. तशीच वाफ्यात शिरले, शेजारचं एक रोप हातानं मातीसकट उपटलं आणि त्यांच्या पुढ्यात धरलं.

“बघा. डोळे उघडून बघा. हा खालचा वाळका तुकडा दिसतोय? हा तुम्ही लावलेला कंद. तो संपला. आणि हा त्याच्या डोक्यावर बसलेला पांढरा, हा नवा. कांदा लावला तर तोच फुगतो, आपा. हा फुगत नाही. हा मरतो आणि दर वर्षी डोक्यावर दुसरा करून ठेवतो. त्या दुसऱ्याला पोसायला या पानांशिवाय काही नाही. आणि तुम्ही त्यांची मान मोडता.”

माझा आवाज कुंपणाबाहेर गेला असणार, कारण इर्शाद त्याच्या दारात येऊन उभा राहिला. आपांनी मूठ सोडली. माझ्या हातातलं रोप घेतलं, माती झटकली, वरचा कंद अंगठ्यानं हलवून पाहिला, खालचा तुकडा नखानं काढला. तो सहज निघाला.

“जित्तं उपटलं तुमी,” त्या म्हणाल्या.

“हो, उपटलं. तुम्ही बाकीची सगळी मारण्यापेक्षा मी एक मारलं.”

“ह्ये त्येनं मला कधी सांगितलं न्हाय.” त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. “इतकी वर्सं कांदं माझ्याच जिन्याखाली टांगलं. पिशवी म्याच शिवायची. ते कसं वाढतंय, एवढं एकदा बी सांगितलं न्हाय.”

आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रोप उपटल्याचा राग होता की मौलासाबांवरचा राग माझ्यावर निघत होता, मला कळलं नाही आणि मी विचारायलाही गेले नाही, कारण मीही रागावलेली होते. पण पानांना त्यांनी हात लावला नाही. त्यांना ते सोसत नव्हतं. हात पाठीमागे बांधून त्या वाफ्याभोवती फिरायच्या. मध्येच एखादं पान पिवळं पडलेलं दिसलं की हात पुढे यायचा, परत मागे जायचा. शेतावर मात्र त्या वर्षी त्यांनी शेजाऱ्याच्या कांद्याच्या मानाही मोडून दिल्या. कुणी कुंपणावरून विचारलं, “आपा, ह्यांच्या माना न्हाय मोडल्या?” तर त्या म्हणायच्या, “बाईनं बंदी घातलीया,” आणि ते अशा सुरात की मी त्यांचं अन्नपाणी तोडलं आहे. पानं आपसूक वाळली तेव्हा आम्ही दोघींनी कंद काढले. त्यातले तीन चांगले लिंबाएवढे झाले होते. आपांनी ते तळहातावर घेऊन तोलले, पण ‘तुमचं बरोबर होतं’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. “लेंडीखत लागलं ह्या बारीला,” त्या म्हणाल्या.

चौथ्या थंडीत तिन्ही कंदांना दांडे आले. शबे-बरात दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, ते धरून आम्ही लावणी केली होती, त्यावरूनही भांडण झालंच. दांड्यांना काठ्यांचा आधार दिला. आता फक्त थांबायचं होतं. आणि मग इर्शादची शेळी दावं तोडून आली आणि तिनं त्यातले दोन दांडे कळ्यांसकट खाल्ले. मी शाळेत होते. मला हे सांगताना आपांनी ना खताचं नाव घेतलं, ना पाण्याचं, ना नजरेचं. मी पहिल्यांदाच त्यांना कुठलंही कारण सापडत नसलेलं पाहिलं. उरलेल्या एकाभोवती आम्ही बाभळीच्या फांद्या रचल्या. त्या दिवसांत मी शाळेतून सरळ घरी यायचे. माझ्या वर्गाचा निकाल लागायचा असतानाही मला इतकी धाकधूक कधी झाली नव्हती.

शबे-बरातीच्या सकाळी खालची दोन फुलं उमलली. फिकट गुलाबी, घशाशी पिवळट. वरच्या कळ्यांना रंग चढला होता. आपांनी आंघोळ केली, धुतलेली ओढणी घेतली आणि विळ्यानं दांडा तोडला. तोडल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि मी धरून उभी राहिले. चार वर्षांचा सगळा वैताग त्या क्षणी गेला, असं खोटं मी सांगणार नाही, पण बराचसा गेला. मग त्यांनी स्टीलच्या उंच ग्लासात पाणी घालून दांडा त्यात ठेवला आणि हलव्यासाठी डाळ शिजवायला घेतली.

उन्हं उतरली तशी इर्शाद आला. पांढरा कुर्ता, टोपी, हातात उदबत्त्यांचा पुडा. आपांनी त्याला बाजारच्या फुलांची पुडी दिली. तो दारातच घुटमळला. त्यालाही सगळं माहीत होतं, त्याच्या शेळीनं तर त्यात भागही घेतला होता. “चाची, आन् ती काडी?”

“ती न्हाय द्यायची.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. इर्शादनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आपा, ही त्यांच्या कबरीवर जायची म्हणून तर...”

“न्हाय जायची. तू जा इर्शाद, उशीर व्हतोय.”

तो गेला. मी तिथंच उभी होते आणि मला इतका राग आला होता की बोलताना माझा आवाज फाटत होता. चार वर्षं मी या बाईच्या पाठीमागे लागले, हिची बोलणी खाल्ली, हिच्यासाठी बाभळीचे काटे हाताला लावून घेतले, ते याच्यासाठी? “आपा, तुम्हाला त्यांना दाखवायचं होतं. तुम्हीच म्हणाला होतात. मग आता काय झालं?”

“दाखवायचंच हाय,” त्या म्हणाल्या. त्यांनी हलव्याची कढई खाली उतरवली, हात ओढणीला पुसले. “पर म्या कामून पाठवू? सायबाच्या टेबलावर त्यो सोता पोचवीत व्हता. आता ह्यी बी तिकडं पोचवायची व्हय? आजच्या रातीला गेलेल्यांच्या रूहा, म्हंजी आत्मं, आपापल्या घरी येत्यात. त्यो बी यील. येऊन बघंल.”

त्यांनी ग्लास उचलून दारासमोरच्या स्टुलावर ठेवला. ग्लॅडिओलसची फुलं सगळी एकाच बाजूला तोंड करून असतात. आपांनी ग्लास हळूहळू फिरवून ती तोंडं दाराकडे केली, एक पाऊल मागे सरकून पाहिलं, पुन्हा किंचित फिरवला. मग दोन्ही दारं सताड उघडली आणि त्या बाजेवर जाऊन बसल्या.

“माझ्या घरात हाय म्हणावं,” त्या म्हणाल्या. “बघायचं असंल तर आत यावं लागंल.”